जिल्ह्याच्या संग्रहालयात देशाचा वारसा: वस्तूंभोवती व्याख्यानवर्ग कसा उभारावा

महाराष्ट्रात व्याख्यानांची कधीच वाण नव्हती. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि आज तालुक्याच्या गावातही वर्षातून एकदा तरी मांडव पडतो, सतरंज्या अंथरल्या जातात, वक्ता येतो. त्याच गावातलं किंवा जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणचं वस्तुसंग्रहालय मात्र बहुतेक वेळा सुनं असतं. शाळेची सहल येते, दारातून आत शिरते आणि वीस मिनिटांत मागच्या दारानं बाहेर पडते.

या दोन गोष्टी एकत्र आणता येतात. संग्रहालयातल्या वस्तू समोर ठेवून बारा आठवड्यांचा वर्ग चालवायचा आणि त्यातून भारताचा सांस्कृतिक वारसा उलगडायचा. यासाठी दिल्ली-मुंबईचं मोठं संग्रहालय लागत नाही. जिल्ह्याच्या संग्रहालयात जे असतं, म्हणजे खापरं, नाणी, मूर्ती, वीरगळ (लढताना मेलेल्या वीराची स्मृतिशिळा), ताम्रपट (तांब्याच्या पत्र्यांवरचं दानपत्र), तलवारी, दिवे, त्यातून देशाचा फार मोठा भाग दिसतो. अट एकच: दरवेळी सुरुवात वस्तूपासून करायची. घराण्यांची यादी, सनावळ्या, नकाशे हे सगळं त्या वस्तूच्या मागून यायला हवं.

हा लेख असा वर्ग उभारू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. इतिहास मंडळं, वाचनालयं, शिक्षक, ज्येष्ठ नागरिक संघ, संग्रहालयाचे अभिरक्षक, कोणीही हे करू शकतं.

आधी संग्रहालय स्वतः पाहून घ्या

कार्यक्रमाची पत्रिका छापण्याआधी दोन-तीन जणांनी वही घेऊन संग्रहालयात निवांत जावं. दालनागणिक नोंद करायची: वस्तू कोणती, कशाची, कुठे सापडली, पाटीवर काय लिहिलंय, आणि तिच्यापुढे वीस माणसं उभी राहू शकतात का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण अर्धा वर्ग त्यावर ठरतो. कोपऱ्यातल्या उभ्या कपाटातलं सुंदर नाणं पाच जणांनाच दिसणार असेल, तर त्याचा मोठा फोटो लागेल किंवा गट पाडावे लागतील.

आवारातही फिरा. महाराष्ट्रातल्या कितीतरी संग्रहालयांच्या आवारात भिंतीला टेकवलेले वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दगड), भग्न नंदी आणि देवळांचे खांब पडलेले असतात. त्यांना पाटी नसते, छप्पर नसतं. वर्गासाठी मला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच वाटतो, कारण त्यांच्याभोवती मोकळी जागा असते, उजेड असतो आणि कोणी घाईही करत नाही.

नोंदवहीतून चाळीसेक वस्तू निवडा, मग त्यातल्या बारा ठेवा. निवडीची कसोटी अशी: या वस्तूकडे बोट दाखवून मला गावाबाहेरच्या, राज्याबाहेरच्या किंवा समुद्रापलीकडच्या जगाबद्दल काही खात्रीनं सांगता येतं का? येत असेल तर ती वस्तू ठेवा. नुसती जुनी आहे, मौल्यवान आहे, एवढ्यानं भागत नाही.

परवानगीचं पत्र

शासकीय संग्रहालय असेल तर ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतं. पत्र अभिरक्षकांच्या नावे द्यावं आणि त्याची प्रत वरच्या कार्यालयाला पाठवावी. पत्रात तारखा, वेळ, माणसांची संख्या, कोणती दालनं वापरणार, फोटो काढणार का, खुर्च्या कुठे मांडणार आणि जबाबदार व्यक्ती कोण, हे स्वच्छ लिहा. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तो दिवस मागू नका, कारण त्या दिवशी साफसफाई आणि दुरुस्ती चालते.

अभिरक्षकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोणती वस्तू कुठून आली, कोणी दिली, कोणती पाटी चुकीची आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. पहारेकऱ्यांनाही सांगून ठेवा. वर्ग चालू असताना तेही मागे उभं राहून ऐकतात, आणि पुढे तेच रोजच्या पाहुण्यांना सांगू लागतात.

तारखांसाठी काही दिवस सोयीचे आहेत. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन, १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, आणि नोव्हेंबरात १९ ते २५ हा जागतिक वारसा सप्ताह. समारोप किंवा उद्घाटन यांतल्या एखाद्या दिवशी ठेवलं की कार्यालयांकडून मदत लवकर मिळते. वर्ग मात्र दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवलेला बरा. एप्रिल-मे महिन्यात दगडी इमारतीत तास-दीड तास उभं राहणं वयस्कर मंडळींना जड जातं.

बारा सत्रांचा सांगाडा

पुढची मांडणी पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा किंवा खानदेशातल्या एखाद्या संग्रहालयाला डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. विदर्भात आणि गोव्यात वस्तू बदलतील, पद्धत तीच राहील.

पहिलं सत्र इमारतीवर ठेवा. हे संग्रहालय कोणी, कधी आणि का बांधलं, यातच देशाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा असतो. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा आहे. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं नाव होतं, आजचं नाव १९७५ मध्ये मिळालं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी नोव्हेंबर १९०५ मध्ये झाली. जॉर्ज विटेटनं आराखडा केला, पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत लष्करी रुग्णालय होतं आणि संग्रहालय म्हणून दारं उघडायला १९२२ उजाडलं. औंधचं श्री भवानी संग्रहालय संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. साताऱ्यातल्या त्या टेकडीवर रवि वर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचं शिल्पही आहे. ब्रिटिश सत्ता, संस्थानिक, शहरातले दाते आणि एकेकटे संग्राहक अशा वेगवेगळ्या हातांनी आपली संग्रहालयं घडली. आपल्या गावचं यांतल्या कोणत्या हातानं घडलं, हे श्रोत्यांना पहिल्याच दिवशी कळावं.

दुसरं सत्र खापरांचं. लोक कपाळाला आठ्या घालतील, तरी ठेवाच. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचं नाव एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरणाऱ्या) संस्कृतीला मिळालं आहे. तांबडी भांडी, त्यांवर काळ्या रंगातली रेखाटणं, लांब तोटी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन केलं, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव उलगडलं: घरं, कोठारं, कालव्याच्या खुणा, आणि घराच्या जमिनीखाली रांजणात पुरलेली लहान मुलं. ही शेवटची गोष्ट सांगताना दालन गप्प होतं. तिथे थांबा, पुढची स्लाइड लगेच लावू नका.

तिसऱ्या सत्रापासून वर्गाला खरी गती येते. विषय व्यापार. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथलं कापड गाड्यांनी भडोच बंदरात येतं, असं तो सांगतो. श्रोत्यांच्या हातात कोरा नकाशा द्या आणि या अंतरांवर पेन्सिलीनं रेघ ओढायला लावा. मग तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा फोटो दाखवा. तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती सापडली आहे.

कोल्हापूरकरांना एवढं लांब जायला नको. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेकाठी सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. समुद्र घाटाखाली, डोंगरापलीकडे. तरी समुद्राचा परका देव नदीकाठच्या वस्तीत आला. तो पुजायला आला, शोभेला आला की व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला, यावर श्रोत्यांना बोलू द्या. त्यांची उत्तरं वक्त्यानं पुराव्यापुढे तपासावीत. जिथे पुरावा संपतो तिथे तो संपला असं म्हणावं.

चौथं सत्र नाण्यांचं, आणि त्यासाठी एकच ठेवा पुरतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं वरून ठोकली आहेत. नहपानाचा चेहरा, ग्रीक वळणाची अक्षरं, आणि त्यावर आडवातिडवा आलेला सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर. एका चकतीवर दोन राजे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणते. नहपान क्षहरात कुळातला. लेख आणि नाणं शेजारी ठेवले की युद्ध कोण जिंकलं हे सांगायला व्याख्यात्याची गरज उरत नाही. एवढं नेटकं उदाहरण भारताच्या इतिहासात क्वचित मिळतं, म्हणून या सत्राला पूर्ण वेळ द्या आणि दुसरी नाणी त्या दिवशी आणूच नका.

पाचव्या दिवशी ब्राह्मी लिपी. अख्खी लिपी शिकवायच्या भानगडीत पडू नका. दहा-बारा अक्षरं फळ्यावर काढा, जेम्स प्रिन्सेपनं १८३७ मध्ये ती कशी उलगडली ते सांगा आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवरचे दानलेख द्या. धेनुकाकट या गावचे यवन (ग्रीक किंवा परदेशी), सुतार, व्यापारी, भिक्षू यांनी एकेक खांब दिला, हे लोक स्वतः अक्षर लावून वाचतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

मूर्तींचं सत्र सोपं असतं, आणि तिथेच वक्ते घसरतात. नुसती सुंदर, रेखीव, भावपूर्ण अशी विशेषणं येऊ लागतात. त्याऐवजी हातांतली आयुधं वाचायला शिकवा. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात. त्यांचा क्रम बदलला की नाव बदलतं, आणि अशी चोवीस नावं होतात. उजव्या खालच्या हातापासून सुरू करून वर, मग डावा वरचा आणि डावा खालचा असं मोजायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. संध्येत केशवाय, नारायणाय, माधवाय म्हणणाऱ्या आजोबांना ही चोवीस नावं तोंडपाठ असतात, फक्त ती दगडात बघितलेली नसतात. ग्रंथाग्रंथांत क्रम थोडे वेगळे आहेत, तेही सांगून टाका. जैन मूर्तींसाठी लांछनं (प्रत्येक तीर्थंकराचं ठरलेलं चिन्ह) आणि पार्श्वनाथाची सर्पफणा, बुद्धमूर्तींसाठी हस्तमुद्रा, एवढं पहिल्या ओळखीला पुरे.

सातवं सत्र आवारात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, बऱ्याचदा सोबत गाईगुरं, कारण गोधन सोडवताना माणसं मरत. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर कलश, बाजूंना सूर्य-चंद्र. हे सूर्य-चंद्र गधेगाळावरही असतात: जोवर ते आहेत तोवर हे दान टिकावं, आणि जो मोडील त्याला गाढवाची शिवी. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, तर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंब राजांच्या काळातला जहाज असलेला वीरगळ आहे. घाटावरच्या गाईगुरांच्या लढाया आणि कोकणच्या किनाऱ्यावरची गलबतं एकाच प्रकारच्या दगडावर येतात. श्रोत्यांना घरी जाताना सांगा: तुमच्या गावच्या मारुतीमागे, पारावर, वेशीत असा दगड असेल, तर पुढच्या वेळी फोटो आणा, पण दगड जागचा हलवू नका आणि त्याला तेल-शेंदूर लावू नका. फोटो येतातच. एका आठवड्यात अख्ख्या तालुक्याची नोंद होऊ लागते.

आठव्या सत्रात ताम्रपट. तीन पत्रे, कडीत ओवलेले, कडीवर मुद्रा: चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा बहुधा गरुड. मजकुराची घडण ठरलेली असते. आधी देवाचं स्तवन, मग राजाची वंशावळ (इथे कवी सुटतो), मग दान कोणाला, कोणत्या पर्वणीला, कोणतं गाव, त्याच्या चारी सीमा आणि शेवटी दान हिरावणाऱ्याला शाप. वक्त्यांना वंशावळ आवडते. श्रोत्यांसाठी मात्र सीमांकडे वळा. ओढा, वडाचं झाड, वारूळ, शेजारचं गाव, अशी नावं त्यात येतात आणि पुष्कळदा ती आजही ओळखू येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडला मिळालेला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा ताम्रपट शके ६७५ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन ७५३ येतं. ही बेरीज सगळ्यांकडून करून घ्या, पुढे जन्मभर उपयोगी पडते.

नववं सत्र सुलतानी आणि मुघल काळाचं. बिदरी तबक किंवा हुक्क्याचा बुधला असेल तर त्यापासून सुरुवात करा. मुख्यतः जस्ताचा, थोडं तांबं मिसळलेला धातू, त्यात चांदीची तार ठोकून बसवलेली, आणि शेवटी नवसागर व बिदरच्या किल्ल्यातली माती यांच्या लेपानं धातू काळा केला जातो. चांदी मात्र उजळ राहते. फर्मान असेल तर फारसी मजकुराबरोबर मोडीतला मजकूरही शोधा. दख्खनचा कारभार या दोन्ही लिप्यांत चालला, आणि हे कागदावर दिसतं.

दहाव्या दिवशी शस्त्रं. गर्दी होणार, हे धरून चाला. 'फिरंग' तलवारीपुढे उभं राहा: पातं युरोपात घडलेलं, कधी त्यावर तिकडच्या कारागिराच्या खुणा ठोकलेल्या, आणि मूठ इथल्या हाताला बसणारी, इथेच केलेली. तेर आणि पाँपेईच्या दिवशी सुरू झालेला व्यापाराचा धागा इथे पुन्हा हाती येतो. कोणती तलवार कोणाची होती यावर वाद पेटतात. नोंद नसलेल्या वस्तूला कुठल्याही वीराचं नाव जोडू द्यायचं नाही, हा नियम त्या दिवशी ठाम पाळा.

अकरावं सत्र घरातलं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयानं दाखवून दिलं की अडकित्ते, दिवे, वज्री, पानदानं, फण्या, कुलपं यांतून एक अख्खा समाज उभा राहतो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवल्या. संग्रहालयाला त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. या दिवशी घरातल्या बायका बोलतात आणि वक्ता ऐकतो. कोणत्या अडकित्त्यानं सुपारी कशी कातरायची, कोणता दिवा कोणत्या सणाला, ही माहिती पाटीवर नसते. ती लिहून घेणारा एक माणूस नेमून ठेवा.

बारावं सत्र श्रोत्यांचं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

वक्ते आणि त्यांची तयारी

सगळ्या विषयांना एकच वक्ता घेऊ नका. नाण्यांना नाणी जमवणारा आणि वाचणारा माणूस, लेखांना लिपीतज्ज्ञ, वस्त्रांना विणकर किंवा त्या व्यवसायातली व्यक्ती घ्या. जवळच्या महाविद्यालयात इतिहास किंवा पुरातत्त्व शिकवणारे प्राध्यापक भेटतात. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार बोलावले तर त्यांच्याकडे परंपरेचं वर्णन मागण्यापेक्षा सादरीकरण मागा आणि त्यांना प्राध्यापकांइतकंच मानधन द्या.

वक्त्याला तीन गोष्टी लेखी कळवा. वस्तू कोणती. बोलायचा वेळ पंचेचाळीस मिनिटं. आणि पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. शेवटच्या अटीनं बरेच जण चमकतात, पण आग्रह सोडू नका. वक्त्यानं आदल्या दिवशी किंवा निदान दोन तास आधी ती वस्तू प्रत्यक्ष बघायला हवी. फोटोवरून तयारी करून आलेला माणूस मागच्या बाजूला काय आहे हे सांगू शकत नाही, आणि पहिला प्रश्न नेमका तोच येतो.

एका सत्राची वेळ

शनिवारी दुपारी चार ते सहा ही वेळ बहुतेकांना जमते. पंचवीसच्या पुढे माणसं घेऊ नका. जास्त नावं आली तर दुसरी तुकडी काढा.

पहिली दहा मिनिटं वस्तूपुढे शांतता. पाटी कागदानं झाकून टाका. प्रत्येकानं वहीत लिहायचं: काय दिसतं, कशाचं केलंय, कुठे झिजलंय, कुठे तुटलंय, काय कळत नाही. चित्र काढता येत नसलं तरी ओबडधोबड रेखाटन काढायचंच. रेखाटताना नजर रेघेबरोबर फिरते आणि हातातलं कडं, पायाखालचा राक्षस, कोपऱ्यातला दाता असे तपशील सापडतात. नुसता मोबाइलनं फोटो घेतला तर ते सापडत नाहीत.

मग पंधरा मिनिटं सगळ्यांचे प्रश्न फळ्यावर. उत्तरं अजून नाहीत. त्यानंतर वक्त्याचे पंचेचाळीस मिनिटं सभागृहात, आणि शेवटी पुन्हा वस्तूपुढे. आता पाटी उघडायची आणि तिच्यात काय राहून गेलंय ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. चहा मध्ये ठेवू नका, शेवटी ठेवा. लोक बोलत रेंगाळतात, आणि सगळ्यात चांगले प्रश्न कपबशी हातात असतानाच येतात.

दगडी दालनात आवाज घुमतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला की तो अधिकच घुमतो, म्हणून छोटा कॉलर माइक आणि जवळ बसलेले श्रोते हा उपाय बरा. ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या हव्यात. दृष्टिहीन श्रोते असतील तर चित्रकला शिक्षकांकडून वीरगळाची, विष्णूच्या हातांची, ब्राह्मी अक्षरांची प्लॅस्टर प्रतिकृती करून घ्या. ती मग सगळ्यांनाच हाताळावीशी वाटते. मूळ वस्तूला हात नाही, हे पहिल्या दिवशीच सांगायचं. घामाचे क्षार धातूवर आणि दगडावर राहतात. चित्रं, हस्तलिखितं आणि कापड यांना उजेडाचा त्रास होतो, त्यांच्यासाठी साधारण पन्नास लक्स (उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा संग्रहालयांत पाळली जाते. म्हणून त्या दालनात फ्लॅश नाही, जास्तीचे दिवेही नाहीत, आणि तिथला मुक्काम छोटा.

पैसे

खर्चाचे बाब थोडेच: मानधन, प्रवास, छपाई, चहा, माइक, प्रतिकृती. नाममात्र शुल्क जरूर ठेवा. फुकटच्या वर्गाला चौथ्या आठवड्यापासून गळती लागते. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना सवलत द्या. टिपणं मात्र प्रत्येक सत्राला एकच पान असावीत: वस्तूचा फोटो, सापडल्याचं ठिकाण, काळ, तीन कठीण शब्दांचे अर्थ आणि घरी करायचं एक काम. जाडजूड पुस्तिका कोणी वाचत नाही.

घरची वस्तू आली तर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी पिशवीतून आजीचं नाणं, देव्हाऱ्यातली मूर्ती, पणजोबांची तलवार, पोथी घेऊन येतं. हे वर्गाचं यश आहे, त्याचं स्वागत करा, पण सांभाळून. किंमत कधीही सांगू नका. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकतं. काही प्रकारांना नोंदणी लागते आणि देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. वस्तूच्या मालकाला नोंदणी अधिकाऱ्याकडे जायला सांगा.

आणि साफसफाईबद्दल बजावून सांगा. चिंच, लिंबू, पितांबरी यांनी जुनी पितळी मूर्ती किंवा तांब्याचं नाणं घासलं की वरचा थर जातो. त्याबरोबर अक्षरांच्या कडा आणि घडवणाऱ्याच्या हत्याराच्या खुणाही जातात. पोथीच्या फाटक्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, ती पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते. सुती कापडात गुंडाळून, कोरड्या जागी, आडवी ठेवायची.

शेवटचं सत्र आणि त्यानंतर

बाराव्या दिवशी प्रत्येकानं, किंवा दोघादोघांनी मिळून, संग्रहालयातली एक वस्तू निवडून तिच्यापुढे उभं राहून सात मिनिटं बोलायचं. निवड नवव्या आठवड्यातच करून घ्या आणि एक अट घाला: वर्गात चर्चा झालेली वस्तू चालणार नाही. बोलताना तीन प्रश्नांची उत्तरं यायला हवीत. ही इथे कशी आली? हिच्यासारखी वस्तू भारतात किंवा बाहेर आणखी कुठे आहे? हिच्याबद्दल अजून काय माहीत नाही? मधला प्रश्न देशापर्यंत नेतो. बारा आठवड्यांपूर्वी ज्यांना वीरगळ म्हणजे गावचा एक दगड वाटत होता, तीच माणसं एक्सर आणि जुन्या गोव्याची नावं घेऊन बोलतात. प्रमाणपत्र द्यायचं असेल तर याच सादरीकरणावर द्या.

मग कामाचा भाग. प्रत्येक सादरीकरणाचं अर्ध्या पानाचं टिपण मराठीत लिहून घ्या, वक्त्यांकडून तपासून घ्या आणि अभिरक्षकांना सुपूर्द करा. पाटी नसलेल्या वस्तूंसाठी पाटीचा मजकूर पंचेचाळीस-पन्नास शब्दांत तयार करून द्या. छापायची की नाही हे ते ठरवतील. आवारातल्या दगडांसाठी छप्पर मागणारं निवेदन, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांसह, त्याच दिवशी द्या. श्रोत्यांनी आणलेल्या गावोगावच्या वीरगळांचे फोटो गाव, जागा आणि तारीख लिहून एका फाइलमध्ये लावा आणि तिची एक प्रत संग्रहालयात, एक वाचनालयात ठेवा. पुढच्या तुकडीचं पत्र याच फाइलीच्या प्रतीसह पाठवायचं, म्हणजे परवानगी मागताना मागच्या वर्गातून काय निघालं हे वरच्या कार्यालयाला थेट दिसतं.